रेडिओ सुटल्यावर: खोक्यातले आवाज वाचवण्याची कामं

स्थानिक रेडिओवर वीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी टेपा असतातच. कपाटावर, पलंगाखाली, जुन्या सुटकेसमध्ये. क्वार्टर इंची स्पूल, बाहेरच्या रेकॉर्डिंगच्या कॅसेटी, मधल्या काळातल्या डॅट (छोट्या डिजिटल टेपा) आणि मिनीडिस्क, आणि शेवटी एखादी हार्डडिस्क, जिच्यातल्या हजारो फायलींना नावाच्या जागी नुसते आकडे आहेत. नोकरी सुटली की हे खोकं ‘सवडीनं बघू’ म्हणून बाजूला सरकतं. ते सरकवू नका, हे मला कळकळीनं सांगायचं आहे.

या खोक्याशी संबंधित तीन गोष्टी नासत असतात आणि तिन्हींचा वेग वेगळा आहे. टेप सगळ्यांत हळू नासते; थंड, कोरड्या जागी उभी ठेवलेली पन्नास वर्षांची टेपही नीट वाजते. मशीन त्याआधी जातं, कारण बहुतेक डेकांचं, म्हणजे टेप वाजवण्याच्या यंत्रांचं, उत्पादन केव्हाच थांबलं, आणि चांगलं हेड (टेपेवरचा आवाज वाचणारा भाग) किंवा पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) शोधावा लागतो. सगळ्यांत आधी जाते ती आठवण. डब्यावर ‘मुलाखत, भाग २, कापलेली’ एवढंच लिहिलेलं असतं. बोलणारी बाई कोण, मागे यंत्राचा आवाज कसला येतोय, भाग १ कुठे गेला, हे ती टेप कापणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून पहिले सहा-आठ आठवडे मशीनला हात लावू नका. वही घ्या.

वहीत प्रत्येक टेपला एक क्रमांक द्या, १ पासून सरळ. विषयवार, वर्षवार क्रमांक पाडायला जाऊ नका. मध्ये एखादी नवी टेप सापडली की सगळी व्यवस्था कोसळते. तोच क्रमांक डब्यावर आणि स्पूलवर मऊ पेन्सिलीनं लिहा, कारण डबे आणि स्पूल यांची अदलाबदल ही रेडिओतली जुनीच खोड आहे. मग पुढच्या रकान्यांत: डब्यावरचा मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट, स्पूलचा आकार, टेपेची पाठ काळी की चकचकीत, वास, आत क्यूशीट (कार्यक्रमाच्या क्रमाचा कागद) आहे का, आणि शेवटी तुम्हाला जे आठवतं ते सगळं. डब्यावरचा मजकूर आणि तुमची आठवण या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत हव्यात. वीस वर्षांनी ही वही वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की कोणती माहिती त्या दिवशीची आहे आणि कोणती नंतर आठवून लिहिलेली. क्यूशीट, चिठ्ठ्या, डब्याची पाठ यांचे फोटो काढा. एका बैठकीत तीस टेपा पुरे.

हे करतानाच मालकीचा प्रश्न सोडवा. नोकरीत असताना केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा संस्थेचं असतं, तुमच्या घरी पडलेलं असलं तरी. त्यातलं संगीत तिसऱ्याचं, आणि मुलाखत देणाऱ्याचा आवाज त्याचा. स्टेशनला एक साधं पत्र लिहा: माझ्याकडे अमुक क्रमांकांच्या टेपा आहेत, यादी सोबत जोडली आहे, त्या मी स्वतःच्या खर्चानं डिजिटल करून तुम्हाला प्रत देऊ इच्छितो, एक प्रत जतनासाठी माझ्याकडे ठेवण्यास लेखी परवानगी द्यावी. बहुतेक ठिकाणी अशा पत्राला विरोध होत नाही. इंटरनेटवर टाकण्याची परवानगी मात्र वेगळी मागायची. आणि परवानगी मिळाली तरी थांबून विचार करा. एका गावापुरत्या रेडिओवर एका सकाळी बोलायला तयार झालेल्या माणसानं कायमचं जगासमोर राहायला होकार दिलेला नसतो. श्रोत्यांचे फोन, पत्रांतली घरगुती दुःखं, प्रसारणाआधी कापलेले तुकडे हे जतन करा, पण खुले करू नका.

अजून नोकरीत असाल आणि सुटायला सहा महिने असतील तर एक काम आजच करा. स्टेशनच्या प्लेआउट, म्हणजे कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या, संगणकात फायलींची नावं आकड्यांत असतात आणि खरी शीर्षकं डेटाबेसमध्ये. नुसत्या फायली उचलून आणल्या तर हातात हजारो निनावी आवाज येतात. डेटाबेसची यादी साध्या तक्त्यात काढून द्यायला तंत्रज्ञाला सांगा. त्या फायली बऱ्याचदा एमपीटू या, आवाज दाबून लहान केलेल्या, प्रकारच्या असतात. त्यांचं एमपीथ्री करू नका. एकदा दाबलेला आवाज दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा दाबला की ‘स’, ‘श’ आणि टाळ्या चरचरायला लागतात. आहे तशी फाइल ठेवा.

टेप ओळखणं

स्पूल उजेडासमोर आडवं धरा आणि गुंडाळलेल्या थरांतून पाहा. आरपार उजेड दिसला तर टेप अ‍ॅसिटेटची, नाही दिसला तर पॉलिएस्टरची. अ‍ॅसिटेट तुटताना स्वच्छ तुकडा पडतो, तो जोडता येतो. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणला जातो आणि ताणलेला शब्द परत मिळत नाही. अ‍ॅसिटेटला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तिचं विघटन सुरू झालं आहे. ते थांबवता येत नाही, फक्त थंडाव्यात ठेवून लांबवता येतं. तिची वाफ शेजारच्या टेपांचंही नुकसान करते, म्हणून अशा टेपा वेगळ्या खोक्यात काढा आणि डबिंगच्या, म्हणजे आवाज संगणकात उतरवण्याच्या, रांगेत सगळ्यांत पुढे ठेवा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. ती टेप वाजवू नका, मास्क लावून पिशवीत बंद करून वेगळी ठेवा आणि जाणकाराकडे द्या. डेकवर चढवली तर बुरशी मशीनभर आणि पुढच्या प्रत्येक टेपेवर पसरते.

काळ्या, मॅट पाठीच्या टेपा म्हणजे रेडिओवाल्यांची मोठी डोकेदुखी. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची वीसेक वर्षं व्यावसायिक टेपांच्या पाठीवर काळा थर यायला लागला. त्यामुळे टेप नीट गुंडाळली जायची. पण त्यांतल्या अनेकांच्या पॉलियुरेथेन बाइंडरनं, म्हणजे चुंबकीय थर धरून ठेवणाऱ्या गोंदानं, हवेतलं पाणी शोषलं आणि तो चिकट झाला. अँपेक्स ४०६, ४५६ आणि स्कॉच २२६ ही यातली ठळक नावं. अशी टेप वाजवली की ती हेडवरून जाताना किंचाळते, गाइडवर (टेपेला वाट देणाऱ्या खुंट्यांवर) तपकिरी राळ साचते आणि शेवटी टेप थांबते. तोपर्यंत ऑक्साइड, म्हणजे आवाज, हेडवर खरवडून निघालेला असतो. पहिली किंचाळी ऐकताच थांबा.

यावर इलाज आहे तो टेप तापवण्याचा. तापमान ५४ अंश सेल्सियस, त्याच्या आसपास स्थिर. क्वार्टर इंची टेपेला साधारण आठ तास, निम्म्या वेळानं स्पूल उलटं करून. नंतर तेवढाच वेळ खोलीच्या तापमानाला निवू द्यायचं, गरम असताना वाजवायचं नाही. प्रयोगशाळेतला ओव्हन किंवा फळं सुकवायचा पंखेवाला डिहायड्रेटर चालतो. स्वयंपाकाचा ओव्हन नको, कारण त्याचं तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर-खाली वीस-वीस अंश झोके घेतं. गॅसच्या ज्वाळेतून तर उलट वाफ तयार होते. मायक्रोवेव्हचा विचारही नको. डिहायड्रेटरच्या तबकडीवरचा आकडा खरा मानू नका. आत वेगळा थर्मामीटर ठेवून रिकाम्या यंत्रावर दोन तास चाचणी घ्या. तापवल्यावर मिळते ती तात्पुरती सवलत, काही आठवड्यांची. बाइंडर पुन्हा पाणी ओढतो. म्हणून आठवडाभरात डब करता येतील एवढ्याच टेपा एका खेपेला तापवा.

दोन सावधगिऱ्या. अ‍ॅसिटेट टेप कधीही तापवायची नाही. ती आक्रसते, वाकडी होते आणि कायमची जाते. उजेडाची परीक्षा आधी घ्यायची ती याचसाठी. दुसरी गोष्ट, पाठ काळी नसलेल्या काही टेपाही किंचाळतात. तो वेगळा रोग आहे आणि तापवून त्यांना फायदा होत नाही. अशी टेप जाणकाराकडे पाठवा.

डेक

टेपा वीस-पंचवीस असतील तर डेक विकत घेऊ नका, डबिंग करून देणाऱ्याकडे द्या. शंभराच्या पुढे असतील तर स्वतःचा डेक परवडतो. रिव्हॉक्स बी७७ किंवा पीआर९९ घरासाठी पुरेसे आहेत. स्टुडर बी६७ किंवा ए८१० मिळाला आणि उचलायला दुसरा माणूस असला तर उत्तमच. घेताना वेग पाहा. बी७७ मुख्यतः दोन प्रकारांत येत असे, एक ९.५ आणि १९ सेंटिमीटर प्रतिसेकंदाचा, दुसरा १९ आणि ३८ चा. स्टेशनच्या टेपा बहुधा १९ किंवा ३८ वर असतात, पण बाहेर नेलेल्या उहेरसारख्या छोट्या रेकॉर्डरच्या टेपा ९.५ वरही सापडतात. हेडचा ट्रॅकही बघा, म्हणजे टेपेच्या रुंदीचा किती भाग ते वाचतं: फुल म्हणजे पूर्ण, हाफ निम्मा, क्वार्टर पाव. क्वार्टर-ट्रॅक घरगुती टेप हाफ-ट्रॅक हेडवर वाजवली की दुसऱ्या बाजूचा आवाज उलटा होऊन मागे बोलत राहतो. फुल-ट्रॅक मोनो टेप मात्र हाफ-ट्रॅक स्टीरिओ डेकवर बिनधास्त वाजवा, दोन्ही चॅनेल रेकॉर्ड करा आणि नंतर त्यातला चांगला ठेवा.

इक्वलायझेशन, म्हणजे वरचे-खालचे स्वर समतोल करणारी जुळवणी, हा असाच एक खड्डा. १९ च्या वेगाला एनएबी पद्धतीत ५० मायक्रोसेकंद, आयईसी पद्धतीत ७०. ३८ ला एनएबी तेच ५०, तर आयईसी ३५. चुकीच्या जागी स्विच राहिला तर आवाज बोदा तरी होतो किंवा टोकदार तरी, आणि माणूस टेपेला दोष देत बसतो. तुमच्या स्टेशनचे डेक कुठल्या पद्धतीवर लावलेले असायचे हे जुन्या तंत्रज्ञाला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याला आज आठवतं, पुढच्या वर्षी आठवेलच असं नाही.

रोज काम सुरू करताना हेड आणि गाइड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कापूस स्वच्छ निघेपर्यंत. पिंच रोलरला अल्कोहोल लावू नका. रबर कडक होतं, चकाकतं आणि टेप घसरायला लागते. त्याला सौम्य साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं. पंधरा-वीस तासांच्या वाजवण्यानंतर डीमॅग्नेटायझर (हेडमधलं साचलेलं चुंबकत्व काढणारं साधन) फिरवा. डेक बंद, सगळ्या टेपा दोन मीटर लांब, डीमॅग्नेटायझर हेडपासून एक मीटरवर चालू करायचा, सावकाश जवळ आणायचा, हेडवरून फिरवायचा, तितकाच सावकाश लांब न्यायचा आणि लांब गेल्यावरच बंद करायचा. हेडजवळ बटण बंद केलं तर हेड पूर्वीपेक्षा जास्त चुंबकित होतं आणि प्रत्येक टेपेचे वरचे स्वर थोडे थोडे पुसत राहतं.

आता जोड. रेडिओची टेप म्हणजे जोडांची माळ; पाच मिनिटांच्या तुकड्यात तीस जोड असू शकतात. जुन्या पॅचचा (जोडावर चिकटवलेल्या पट्टीचा) गोंद सुकतो किंवा बाजूनं झिरपून पुढच्या थराला चिकटतो. म्हणून फास्ट वाइंड पूर्ण टाळा. टेप शेवट बाहेरच्या टोकाला राहील अशी ठेवलेली असेल, आणि अनेक स्टेशनांत तीच शिस्त होती, तर ती आधी मंद वेगानं उलटी गुंडाळा आणि एक हात ब्रेकवर ठेवा. जोड सुटला की जुना पॅच काढा, गोंद कापसानं टिपा, स्प्लायसिंग ब्लॉकवर दोन्ही टोकं टोकाला टोक भिडवा, मध्ये फटही नको आणि चढही नको, आणि पाठीच्या बाजूनं सव्वा-दीड सेंटिमीटरचा नवा पॅच लावा. नव्यानं काप घ्यायची गरज पडली तर ४५ अंशांत, चुंबकित नसलेल्या ब्लेडनं. सेलोटेप कधीच नाही. तिचा गोंद उन्हाळ्यात वाहतो आणि तीन-तीन थर एकत्र चिकटवतो. जोड फारच सुटत असतील आणि टेप फुल-ट्रॅक मोनो असेल, तर गुंडाळण्याची फेरी वाचवण्यासाठी ती मागून पुढेच वाजवा आणि फाइल संगणकात उलटी करा. ऐकायला काही फरक पडत नाही.

सलग, बिनजोड टेप शाबूत असेल तर उलटी गोष्ट करायची: वाजवण्याआधी दोन-तीनदा सावकाश इकडून तिकडे गुंडाळायची. वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेल्या थरांतून आवाज पाझरतो आणि वाक्याच्या आधी त्याच वाक्याची भुतासारखी कुजबूज येते. गुंडाळण्यानं ती थोडी तरी कमी होते.

अझिमथ आणि आपले कान

डबिंगमध्ये सर्वांत जास्त फरक पडतो तो प्लेबॅक हेडच्या कोनानं, म्हणजे अझिमथनं. रेकॉर्डिंगच्या वेळचा कोन आणि आताचा कोन जुळला नाही तर वरचे स्वर गळून जातात आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं खरे परत येत नाहीत. पद्धत जुनीच: आउटपुट मोनो करा, अझिमथचा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा, जिथे ‘स’ सगळ्यांत लखलखीत ऐकू येतो तिथे थांबा. प्रत्येक टेपेला नव्याने, आणि वेगवेगळ्या डेकांवरचे तुकडे जोडलेली टेप असेल तर तुकड्या-तुकड्याला. सुरुवातीची जागा नेलपॉलिशच्या ठिपक्यानं खूण करून ठेवा.

यात एक अडचण आहे आणि ती मशीनची नाही. तीस वर्षं हेडफोन लावून, मॉनिटरवर आवाज चढवून काम केलेल्या कानांचे वरचे स्वर कमी झालेले असतात. मोठ्या आवाजाचं नुकसान आधी ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दिसतं, नेमकं ४ च्या आसपास. त्यावर वयाची घट वरून खाली येत असते. डोकं उरलेलं भरून काढतं, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. काम सुरू करण्याआधी ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) काढा. त्याचा निकाल काहीही आला तरी काम सोडायचं नाही, फक्त कानाच्या जोडीला डोळा घ्यायचा: स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातले स्वर दाखवणाऱ्या चित्रात) ८ किलोहर्ट्झच्या वरचा भाग सर्वांत उजळ कुठे होतो आणि कोरिलेशन मीटर (दोन्ही चॅनेल किती जुळतात ते दाखवणारा) अधिक १ च्या जवळ कुठे जातो ते पाहून स्क्रू ठेवा. हे न करता जे लोक ‘आवाज जरा बोदा वाटतोय’ म्हणून ट्रेबल चढवून मास्टर (जतनाची मुख्य प्रत) बनवतात, त्यांच्या फायली तरुण कानांना टोचतात. दुरुस्ती हवी तर ऐकण्याच्या प्रतीवर करा. मास्टरला नॉइज रिडक्शन नको, इक्वलायझर नको, शांतता कापणं नको. मुलाखत सुरू होण्याआधीचा खुर्चीचा आवाज आणि ‘चालू झालं का?’ हेही त्या टेपेचंच आहे.

मास्टर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, ब्रॉडकास्ट वेव्ह (न दाबलेल्या आवाजाची फाइल). जागा कमी असेल तर ४८ आणि २४ चालेल, त्याखाली उतरू नका. मोनोला ९६-२४ वर तासाला साधारण १ जीबी लागते, स्टीरिओला दुप्पट. म्हणजे पाचशे तासांच्या मोनो टेपा एका टेराबाइटच्या डिस्कवर निम्म्या जागेत बसतात. लेव्हलसाठी टेपेचा सगळ्यांत मोठा भाग आधी वाजवून पाहा आणि शिखरं उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिटांत खाली भरपूर जागा असते. वर मात्र शून्याला भिंत आहे. टेपेवर सुरुवातीला टोन (लेव्हल जुळवण्याचा सलग सूर) असेल तर तोही रेकॉर्ड करा.

बॅटरी उतरलेल्या रेकॉर्डरवरच्या टेपा पटपट बोलतात, कारण रेकॉर्ड होताना टेप हळू चालली होती. किती हळू, हे अंदाजानं ठरवायची गरज नाही. मागे विजेची घरघर असेल तर स्पेक्ट्रोग्राममध्ये तिची रेघ शोधा. ५० हर्ट्झच्या जागी ५२ दिसली तर ऐकण्याची प्रत ५२ भागिले ५० पट लांब करायची, सूर आणि वेग एकत्र उतरवून. रेघ मध्येच वर चढत जात असेल तर बॅटरी मुलाखत चालू असतानाच उतरत होती. तेव्हा तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

वेळेचं गणित प्रामाणिक ठेवा. एका तासाच्या टेपेला तीन तास धरा. सकाळच्या सभेची, म्हणजे सकाळच्या प्रसारणाची, सवय असलेलं शरीर नोकरी सुटल्यावरही कित्येक महिने साडेतीन-चारला जागं होतं. त्याच्याशी भांडू नका. झोपेची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे ढकला, उठल्यावर उजेडात बसा, आणि तोवर तो पहाटेचा निवांत वेळ डबिंगला द्या. दिवसाला एक मोठं किंवा दोन लहान स्पूल, त्याहून जास्त नको. थकलेला कान ड्रॉपआउट, म्हणजे आवाजातली क्षणभराची गळती, सोडून देतो.

बाकीची माध्यमं

कॅसेटला आधी दोन्ही दिशांनी पूर्ण गुंडाळून मोकळी करा. आतला दाब देणारा छोटा फेल्टचा तुकडा गळून पडलेला असतो. आवाज येतो-जातो तो त्यामुळे. पाच स्क्रूंच्या रिकाम्या कव्हरमध्ये टेप हलवली की काम होतं. चिकटवलेलं कव्हर पातळ सुरीनं शिवणीवर फोडावं लागतं. नव्वद मिनिटांपर्यंतच्या कॅसेटी बऱ्या असतात, एकशेवीसवाल्यांची टेप फार पातळ असते आणि रोलरला गुंडाळते, त्यांना चांगल्यात चांगला डेक द्या. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) चालू ठेवायचा की नाही हे अझिमथ लावल्यानंतरच ठरवा.

जिंगल आणि सिग्नेचर ट्यूनच्या कार्टमध्ये (छोट्या बंद डबीत) टेपेचं अखंड वेटोळं असतं आणि त्याखाली फोमचे पॅड. फोमचा चिखल झालेला असतो. न उघडता वाजवलं तर तो चिखल टेपेवर लिंपला जातो. उघडा, पॅड बदला, मगच. किंवा वेटोळं सोडवून टेप सरळ स्पूलवर घ्या. जिंगल तीस सेकंदांची असते, तेवढ्यासाठी कार्ट मशीन शोधत फिरू नका.

डॅट डिजिटल असली म्हणून निर्धास्त राहू नका. डब डिजिटल जोडणीनं करा आणि साउंड कार्डाचं घड्याळ बाहेरच्या सिग्नलवर लावा. नाहीतर दर काही सेकंदांनी टकटक येते आणि वाटतं टेपच खराब आहे. टेपेवर ३२, ४४.१ किंवा ४८ यांपैकी जे असेल तेच ठेवा. मिनीडिस्कला आधी लिहिण्यापासून रोखणारी खिट्टी सरकवा. सोनीच्या २००६ च्या एमझी-आरएच१ या यंत्रातून जुन्या मिनीडिस्क यूएसबीनं थेट संगणकात येतात. ते मिळत नसेल तर ऑप्टिकल आउटपुटमधून, वाजायला जेवढा वेळ तेवढ्या वेळात. घरी जाळलेल्या सीडी मात्र पहिल्या आठवड्यातच उतरवून घ्या. त्यांचा रंग उडाला की सीडी एकदम वाचेनाशी होते, आणि त्याआधी कानाला काही इशारा मिळत नाही.

नाव, नोंद, प्रत

फायलीच्या नावात वहीतला क्रमांक, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, आणि बाजू. बाकी काही नको. मोकळी जागा आणि देवनागरी अक्षरं नावात टाळा, कारण जुनी सॉफ्टवेअर त्यांची मोडतोड करतात. ब्रॉडकास्ट वेव्ह फायलीच्या आत वर्णनाची जागा असते, पण ती २५६ अक्षरांची आणि साध्या रोमन लिपीपुरती. मराठी वर्णन तिथे बसत नाही. म्हणून प्रत्येक फायलीशेजारी त्याच नावाची साधी मजकूर-फाइल ठेवा, युनिकोडमध्ये, आणि वहीतली सगळी माहिती तिच्यात उतरवा.

लिहिण्याचा कंटाळा येणाऱ्यांसाठी, आणि बोलण्यात आयुष्य गेलेल्यांना तो येतोच, दुसरा मार्ग जास्त चांगला आहे. टेप ऐकून झाली की लगेच माइक लावा आणि तिच्याबद्दल तीन मिनिटं बोला: कोण, कुठे, का रेकॉर्ड केलं, काय कापलं, प्रसारण कधी झालं, नंतर काय झालं. हे रेकॉर्डिंग वेगळी फाइल म्हणून त्याच क्रमांकानं जोडा. डायनॅमिक माइक तोंडापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर, थोडा बाजूला. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागे असलं की घरातला घुमारा बराच कमी होतो. रोज चार-पाच तास बोलण्याची सवय सुटलेला आवाज वर्षभरात पातळ, खरखरीत होतो, कारण स्वरयंत्राचे स्नायू इतर स्नायूंसारखेच न वापरता ढिले पडतात. पेल्यात पाणी घ्या, पाच-सहा मिलिमीटर जाडीची नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि तिच्यातून बुडबुडे काढत ‘ऊ’ म्हणा, खालून वर, वरून खाली, तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही तर व्यायाम थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. प्रत्येक फायलीचा चेकसम (फायलीतला बदल पकडणारा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा; डिस्क गुपचूप सडते तेव्हा फाइल उघडते, पण मधले काही सेकंद गेलेले असतात. डिस्क पाच वर्षांनी बदला, चालू असली तरी. मूळ टेपा फेकू नका. १८ ते २० अंश, ४० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, उभ्या, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकता. शेवटची फेरी साध्या वाजवण्याच्या वेगानं गुंडाळलेली असावी.

आणि एक प्रत द्यायची असते. मुलाखत देणारा गेला असेल तर त्याच्या घरच्यांना शोधा. त्यांना ९६ किलोहर्ट्झची फाइल नको असते. मोनो एमपीथ्री, १२८ किलोबिट, फोनवर वाजेल अशी. सुरुवातीचे निवेदन कापू नका, पण फाइल सरळ त्या माणसाच्या पहिल्या वाक्यावर नेणारी वेळ चिठ्ठीवर लिहा, मिनिट आणि सेकंद. पाठवण्याआधी फोन करा आणि विचारा की आवाज ऐकायची तयारी आहे का. काहींना लगेच हवा असतो, काहींना दोन-तीन वर्षांनी. दुसऱ्या उत्तराला वहीत तारीख टाका आणि त्या तारखेला पुन्हा फोन करा.